युद्धकाळातल्या कापड-रबराच्या शैक्षणिक फिल्म वर्गात दाखवाव्यात का?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये सूतगिरण्या, रेयॉन, नायलॉन, दोरखंड आणि रबर-टायर यांच्यावर शैक्षणिक फिल्म निघाल्या. त्यातल्या बऱ्याच आता फुकट बघायला मिळतात. टेक्स्टाइल डिप्लोमाच्या मुलांना त्या दाखवाव्यात, की ऐंशी वर्षांपूर्वीची यंत्रं दाखवून तास वाया जाईल? आणि त्यात सांगितलेलं कितपत खरं धरायचं?

दाखवा. फक्त पहिल्या खेपेला आवाज बंद ठेवा.

माझं सगळं आयुष्य टायरच्या कारखान्यात मिक्सिंग आणि कॅलेंडरवर (रबर रोलांमध्ये दाबून पातळ थर करणाऱ्या यंत्रावर) गेलं. आता रबर शिकवतो आणि या फिल्म नेहमी वापरतो. माझा अनुभव असा की कॅमेऱ्याने टिपलेलं बहुतेक खरं असतं, पण वरून ऐकू येणारं निवेदन युद्ध जिंकण्यासाठी लिहिलेलं असतं. दोन्ही एकदम आत घेतलं की मुलं निवेदकाचंच लक्षात ठेवतात, कारण तो ठासून बोलतो. आधी मुक्याने बघितलं की हात, यंत्र आणि माल दिसतो.

जुनी यंत्रं हा तोटा नव्हे, तोच या फिल्मचा खरा उपयोग आहे. आजचा ब्लोरूम, म्हणजे कापूस मोकळा आणि साफ करायचं खातं, नुसते बंद पत्रे आणि नळ्या. एअरजेट माग मिनिटाला आठशे-हजार पिक्स, म्हणजे आडवे धागे, मारतो, डोळ्याला फक्त थरथर दिसते. १९४० च्या दशकातला नॉर्थ्रॉप पद्धतीचा ऑटोमॅटिक माग पावणेदोनशे-दोनशेने चालायचा. दम फुटतो, म्हणजे उभ्या धाग्यांत वाट उघडते, धोटा जातो, फणी आडवा धागा ठोकते, हे तिन्ही वेगवेगळं दिसतं. कांडी संपत आली की बॅटरीतून, म्हणजे कांड्यांच्या चक्रातून, नवी कांडी कशी ठोकली जाते, तेही नीट बघता येतं. कापूस विंचरणारं कार्डिंग मशीन तेव्हा ताशी चार-पाच किलो माल द्यायचं, म्हणून तंतूंचं जाळीसारखं वेब डॉफर या रोलरवरून उतरताना कॅमेऱ्याला सापडतं. आजच्या शंभर किलोच्या कार्डवर झाकण उघडायचीच सोय नाही. तत्त्व तेच आहे, फक्त तेव्हा उघड्यावर होतं. तुमच्या मुलांपैकी काहींच्या घरी साधे यंत्रमाग असतील. त्यांना हे नवं नाही, पण मग तीच मुलं बाकीच्यांना समजावून सांगतात आणि तास रंगतो.

या फिल्म इतक्या छोट्या का, असं मुलं विचारतात. १६ मिलिमीटरचं चारशे फुटांचं रीळ बोलपटाच्या वेगाने ११ मिनिटं चालतं. त्यामुळे बहुतेक विषय दहा-अकरा मिनिटांत नाहीतर दोन रिळांत बसवलेले असतात. हा प्रोजेक्टर गावच्या शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, कारखान्याच्या कँटीनमध्ये नेता यायचा. ब्रिटनमध्ये माहिती मंत्रालयाच्या गाड्या तो घेऊन फिरत. अमेरिकेत शिक्षण खात्याने १९४१ ते १९४५ मध्ये युद्ध-प्रशिक्षणासाठी साडेचारशेहून जास्त फिल्म काढल्या. त्यातल्या बहुतेक लेथ, मिलिंग आणि जहाजबांधणीच्या होत्या. पण त्यांची पद्धत आपण उचलण्यासारखी आहे: फिल्मसोबत स्थिरचित्रांची पट्टी आणि शिक्षकासाठी पुस्तिका असायची. म्हणजे करणाऱ्यांनाच ठाऊक होतं की नुसती फिल्म लावून शिक्षकाने स्टाफरूममध्ये जाऊन चालणार नाही.

रीळ ज्या पदार्थाचं असतं, त्याच्याबद्दलही सांगून टाका. १६ मिलिमीटरची सेफ्टी फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची असे, आणि ॲसिटेट रेयॉनही त्याच पदार्थाचं. सरकीवरच्या आखूड तंतूंपासून, म्हणजे लिंटरपासून, शुद्ध सेल्युलोज मिळतं. युद्धात त्याला मोठी मागणी होती, कारण त्यापासूनच स्फोटकांसाठीचं नायट्रोसेल्युलोज होतं. कापसाच्या एकाच बोंडातून कापड, बंदुकीची दारू आणि ती दाखवणारी फिल्म निघते, हे मुलांच्या पक्कं डोक्यात बसतं.

आता रबराकडे येतो. तुम्ही टेक्स्टाइलच्या असलात तरी हा भाग तुमच्याही कामाचा आहे.

पार्श्वभूमी अशी. १९४२ च्या सुरुवातीच्या काही महिन्यांत जपानने मलाया, सिंगापूर आणि डच ईस्ट इंडीज घेतलं, आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा सुमारे नव्वद टक्के पुरवठा तुटला. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी रेडिओवरून लोकांना जुनं रबर पेट्रोलपंपावर आणून द्यायला सांगितलं, पौंडाला एक सेंट भावाने. सुमारे साडेचार लाख टन जमलं. पायपुसणी, बूट, गळके होज पाइप यांचे ढीग तुम्हाला फिल्ममध्ये हमखास दिसतील. फिल्म त्याबद्दल फार उत्साहाने बोलते, पण रिक्लेम, म्हणजे जुन्या मालातून परत मिळवलेल्या, रबराची ताकद आणि झिजेला टिकण्याची क्षमता नव्या रबराच्या जवळपासही नसते, हे सांगत नाही. सप्टेंबरमध्ये बर्नार्ड बरूक यांच्या रबरावरच्या सरकारी समितीने अहवाल दिला, आणि पेट्रोलचं रेशनिंग देशभर लागू झालं ते मुख्यतः टायर वाचवण्यासाठी. वेगमर्यादा ताशी ३५ मैल ठेवली तीही त्यासाठीच. पेट्रोलच्या रेशनिंगमागचं कारण टायर होतं, हे ऐकून मुलं चमकतात.

मग कृत्रिम रबराचा कार्यक्रम आला. सरकारी नाव जीआर-एस. ब्युटाडाईन ७५ भाग, स्टायरीन २५ भाग, साबणाच्या पाण्यात ५० अंश सेल्सिअसला पॉलिमर करायचं. १९४१ साली सर्वसाधारण वापराचं कृत्रिम रबर अमेरिकेत वर्षाला २३१ टन होत होतं. १९४५ मध्ये महिन्याला सुमारे ७० हजार टन. हा आकडा निवेदक छाती फुगवून सांगतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. फिल्ममधला सगळ्यात सुंदर शॉट कोॲग्युलेशनचा असतो. पांढरं लॅटेक्स, म्हणजे रबराचा दुधासारखा द्रव, मीठ आणि आम्ल पडताच दूध नासावं तसं फाटतं, कण वर येतात, धुतले जातात, वाळून गठ्ठे बांधले जातात. तिथे फिल्म थांबवा आणि विचारा: झाडाच्या चिकाचंही हेच करतात, मग दोन्ही रबरं सारखी का नाहीत?

याचं उत्तर बहुतेक फिल्ममध्ये नसतं. नैसर्गिक रबर ताणलं की त्याच्या साखळ्या शिस्तीत येतात आणि स्फटिकासारख्या बांधल्या जातात. त्यामुळे काहीही न भरता ते चौरस इंचाला तीन हजार पौंडांच्या पुढे ताण सोसतं. जीआर-एसच्या साखळीत रचना विस्कळीत, ती अशी बांधली जात नाही. काजळी न घालता ते तीन-चारशे पौंडांना तुटतं. ही काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घातल्यावरच ते टायरच्या कामाचं होतं. मुलांच्या हातात एकेक रुंद रबरबँड द्या, झटकन ताणून ओठाला लावायला सांगा. गरम लागतो. तो सैल सोडून लगेच पुन्हा ओठाला लावला की गार. फिल्मच्या दोन रिळांत जे नाही ते या अर्ध्या मिनिटात कळतं.

आता टायर बिल्डिंगचा प्रसंग. ड्रम फिरतोय, कामगार कॅलेंडर केलेल्या कॉर्डचे (रबर चढवलेल्या जाड दोऱ्यांच्या कापडाचे) तिरपे कापलेले थर एकमेकांवर चढवतोय, रोलरने दाबतोय. निवेदक कामगाराच्या कौशल्याबद्दल बोलत असतो. तुम्ही आसपास ब्रश किंवा बोळा दिसतोय का ते शोधा. दोन थरांच्या मध्ये कामगार काहीतरी पुसतो किंवा लावतो. ते सॉल्व्हंट किंवा रबर सिमेंट. नैसर्गिक रबराचा कच्चा थर दुसऱ्या थराला आपोआप चिकटतो. त्या गुणाला आम्ही टॅक म्हणतो. जीआर-एसला टॅक जवळजवळ नाही. युद्धातल्या टायर बिल्डरची खरी डोकेदुखी ही होती. रबर मळायच्या दोन रोलांच्या मिलवरही तेच: नैसर्गिक रबर रोलांमध्ये मळलं की मऊ होतं, जीआर-एस हट्टी, शीट उतरवली की आक्रसतं. बघणाऱ्याला मिलवरून उतरलेल्या शीटच्या कडा आणि सुरकुत्या बघूनच नैसर्गिक की कृत्रिम याचा अंदाज येतो. निवेदक म्हणतो, नवं रबर जुन्याइतकंच चांगलं. शॉप फ्लोअरवरचं कोणीही तसं म्हणालं नसतं.

तिसरी अडचण उष्णतेची, आणि तिथे कापड आणि रबर एकत्र येतात. जीआर-एसचा जाड टायर चालताना आतून फार तापतो. ट्रकच्या टायरमध्ये ही उष्णता बाहेर पडत नाही, आणि तापलेली सुती कॉर्ड कमजोर होते. म्हणून जास्त ताकदीच्या रेयॉन कॉर्डचं उत्पादन धडाक्याने वाढवलं. पण रेयॉन गुळगुळीत, त्याला रबर धरत नाही. त्यासाठी रेसॉर्सिनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि लॅटेक्सच्या मिश्रणात कॉर्ड बुडवायची पद्धत आली. ही डिप युद्धाच्या थोडी आधी निघाली आणि आजही त्याच घराण्यातली वापरतात. तुमच्या मुलांना हा शॉट दोनदा दाखवा: कॉर्डचं कापड मागावरून येतं तेव्हा उभा धागा दाट आणि जाड, आडवा इतका विरळ आणि बारीक की नुसता उभ्यांना सांभाळून धरण्यापुरता. विणकाम म्हणून बघितलं तर विचित्र कापड. टायरमध्ये ते कशाला हवं, हे मुलांनी स्वतः ओळखलं पाहिजे.

फिल्ममधला टायर बायस पद्धतीचा, म्हणजे तिरप्या थरांचा, आणि ट्यूबवाला आहे, हेही सांगा. आजच्या रेडियल टायरचं पेटंट मिशेलिनने १९४६ मध्ये घेतलं. नाहीतर मुलं परीक्षेत ड्रमची जुनी रचना लिहून येतील.

निवेदन कुठे गप्प बसतं, त्याची यादी मोठी आहे. मला सगळ्यात खटकतं ते हे: कृत्रिम रबर जणू १९४२ मध्ये अमेरिकन प्रयोगशाळेत जन्माला आलं, असं या फिल्म बोलतात. सोव्हिएत रशियात लेबेदेव यांच्या पद्धतीने अल्कोहोलपासून रबर १९३२ पासून कारखान्यात बनत होतं. ब्युटाडाईन-स्टायरीनचं बूना-एस हे जर्मनीच्या आयजी फार्बेन या रसायन कंपनीचं, आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सीचे त्या कंपनीशी करार होते. १९४२ च्या मार्चमध्ये सेनेटच्या ट्रूमन समितीपुढे यावरून मोठं वादळ झालं. आयजी फार्बेनने आउशवित्झजवळ मोनोवित्झला बूना कारखाना उभारायला छळछावणीचे कैदी वापरले. हजारो मेले, आणि बूनाचा एक किलोही तिथून निघाला नाही. हे कोणत्याही बाजूच्या शैक्षणिक फिल्ममध्ये सापडणार नाही. बारावीनंतर रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलाला हे माहीत असायला हवं, असं माझं मत आहे.

अल्कोहोलचा धागा आपल्याकडेही येतो. युद्धात अमेरिकेत सुरुवातीचं बरंचसं ब्युटाडाईन धान्याच्या अल्कोहोलपासून बनलं, कारण पेट्रोलियमचे कारखाने उभे राहायला वेळ लागत होता. पुढे १९६३ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीला कृत्रिम रबराचा कारखाना सुरू झाला तो उसाच्या मळीपासून निघणाऱ्या अल्कोहोलवर. साखर कारखान्याच्या भागातली मुलं मळीचं नाव निघालं की सावरून बसतात.

नायलॉनच्या फिल्ममध्ये कोळसा, हवा आणि पाणी यांपासून धागा, हे वाक्य येईलच. जाहिरात म्हणून झकास, शिकवायला निरुपयोगी. सहा कार्बनचं डायअमाइन आणि सहा कार्बनचं ॲडिपिक ॲसिड, म्हणून ६६, हे फळ्यावर तुम्हीच लिहा. फिल्ममध्ये बघायचं ते एवढंच: स्पिनरेटमधून, म्हणजे बारीक भोकांच्या चकतीतून, आलेला धागा नंतर थंड अवस्थेत सुमारे चौपट ताणतात. ताकद तिथे येते. मे १९४० मध्ये मोजे देशभर विकायला आले आणि दोन वर्षांच्या आत नायलॉन पॅराशूट आणि दोरांसाठी राखून ठेवावं लागलं, कारण रेशीम मुख्यतः जपानकडून येत असे.

नैसर्गिक तंतूंमध्ये माझी आवडती फिल्म अमेरिकी कृषी खात्याची १९४२ ची ‘हेम्प फॉर व्हिक्टरी’. फिलिपाइन्स गेल्यावर मनिला हेम्प मिळेना, आणि नौदलाला दोर तर हवेत. म्हणून शेतकऱ्यांना भांगेच्या जातीचं तंतुपीक घ्यायला सांगणारी ही चौदा मिनिटांची फिल्म. गंमत अशी की १९३७ च्या कायद्याने त्याच पिकावर कर आणि नोंदणीची जाचक बंधनं घातलेली. म्हणून फिल्म एकीकडे लावा म्हणते आणि दुसरीकडे परवाना काढायला विसरू नका म्हणून बजावते. पण कापणी, दवावर कुजवणं, खोडातून तंतू वेगळे करणं आणि दोर वळणं इतकं नीट दाखवलंय की आजही शिकवायला वापरता येतं. मराठवाडा-विदर्भातल्या मुलांना अंबाडीचा वाख माहीत असतो. आपण अंबाडी पाण्यात कुजवतो, ते लोक रानात दवावर कुजवतात. तंतूचा रंग आणि प्रत कशी बदलते, याची चर्चा आपसूक सुरू होते.

आता आरोग्याबद्दल, आणि इथे कंटाळा करू नका. कार्डिंग खात्यात धूळ तरंगते, ती कॅमेऱ्यात सुंदर दिसते, प्रकाशझोतात चमकते. त्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुफ्फुसाच्या आजाराच्या भरपाईचा कायदा ब्रिटनने १९४० मध्येच केला होता. अमेरिकेत कापसाच्या धुळीचं मानक यायला १९७८ उजाडलं. व्हिस्कोस रेयॉनच्या फिल्ममध्ये कार्बन डायसल्फाइडचा उल्लेख असलाच तर रसायन म्हणून; त्याने मज्जासंस्था बिघडते आणि माणूस भ्रमिष्ट होतो, हे तेव्हाच माहीत होतं, अमेरिकन डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस रेयॉन कामगारांचा अभ्यास केला होता. ॲस्बेस्टॉस सूत कातणाऱ्या बाईच्या नाकावर मास्क नसतो. रबरात वापरल्या जाणाऱ्या एका अँटिऑक्सिडंटमधल्या बीटा-नॅफ्थिलअमाइनने मूत्राशयाचा कर्करोग होतो, म्हणून ते ब्रिटनमध्ये १९४९ ला मागे घेतलं. युद्धातल्या फिल्ममध्ये ते बॅचमध्ये जाताना कोणी दाखवलं तरी ती नुसती आणखी एक पावडर दिसते.

दोन रोलांच्या मिलचा शॉट आला की थांबवा आणि मुलांना एकच गोष्ट शोधायला लावा: डोक्यावरचा सेफ्टी बार हाताला पोचतोय का? कामगार सुरीने पट्टा कापून गुंडाळी करतो तेव्हा त्याची बोटं निपपासून, म्हणजे दोन रोलांमधल्या फटीपासून, किती लांब आहेत? मिलवर हात गेलेली माणसं मी बघितली आहेत. त्यामुळे हा प्रश्न मी वगळत नाही.

आवाजाबद्दलही एक सांगतो. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या साळखात्यातल्या (विणकाम खात्यातल्या) बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखत, कारण मागांच्या खडखडाटात ऐकूच यायचं नाही. फिल्ममध्ये तो खडखडाट दाबून संगीत टाकलेलं असतं. मुक्याने बघताना त्यांचे ओठ नेहमीपेक्षा मोठे हलताना दिसले तर मुलांना कारण विचारा. भिवंडी-इचलकरंजीतली मुलं लगेच सांगतील.

आपल्याकडेही त्या काळी फिल्म निघत होत्या: सरकारच्या फिल्म ॲडव्हायझरी बोर्डात व्ही. शांताराम यांनी काही काळ काम केलं, आणि पुढे इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आली. मुंबईच्या गिरण्या लष्करासाठी रात्रंदिवस चालत असताना सामान्य माणसाला मात्र कंट्रोलचं कापड मिळायची मारामार होती. अमेरिकन आणि ब्रिटिश फिल्म बघताना हा संदर्भ आजीआजोबांकडून विचारून आणायला सांगा. काही घरांत अजून सांगणारं कोणी असेल.

हक्कांची काळजी फार करू नका. अमेरिकी सरकारने केलेल्या फिल्मवर तिथे कॉपीराइट नसतो, आणि आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांचा आहे. कंपन्यांनी पैसे देऊन काढलेल्या फिल्म मात्र आधी तपासा, खासकरून कॉलेजच्या चॅनेलवर चढवणार असाल तर.

पहिल्या तासाला टायर कॉर्डची फिल्म घ्या, कारण त्यात तुमचा विषय आणि माझा विषय एकाच कॅलेंडरवर भेटतात. एकदा मुक्याने, एकदा थांबवत थांबवत, आणि मगच आवाजासह. त्यानंतर मुलांना त्याच दहा मिनिटांचं निवेदन मराठीत लिहायला द्या. पहिल्या मसुद्यात सगळे निवेदकाचीच नक्कल करतात. तो परत द्या आणि सांगा की ब्रश, बार आणि धूळ यांचा उल्लेख आल्याशिवाय मार्क नाहीत.